वाळलेल्या लेकराचं अंग गार पडतं तेव्हा

बाळाला आता ताप नाही, रडायचंही थांबलंय, सकाळपासून शांत पडून आहे. धडधाकट मुलाबद्दल हे ऐकलं की आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण हातापायाच्या काड्या झालेल्या मुलाबद्दल हेच ऐकलं, तर तव्यावरची भाकरी तशीच टाकून उठायला हवं. तीव्र कुपोषित मुलाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला, तरी पुष्कळदा ताप चढत नाही. उलट अंग गार पडतं. रडणं थांबतं, ते बरं वाटतं म्हणून नव्हे, रडायला लागणारी ताकद संपली म्हणून.

या अवस्थेला डॉक्टर सेप्टिक शॉक म्हणतात, म्हणजे जंतुसंसर्गामुळे रक्ताभिसरण कोलमडणं. मेंदूला, मूत्रपिंडांना, खुद्द हृदयालाही पुरेसं रक्त पोचत नाही. हे कसं घडतं, घरात काय दिसतं, मंगळवेढ्याहून रुग्णालयापर्यंत जाताना काय करायचं आणि तिथे डॉक्टर काय करतात, हे आपण एकेक पायरी घेऊन पाहू. त्यासाठी वैद्यकातलं काहीही आधी माहीत असण्याची गरज नाही.

आधी मूल ओळखायचं

प्रत्येक बारीक मूल तीव्र कुपोषित नसतं. म्हणून पहिलं काम मोजण्याचं. अंगणवाडीताईंकडे आणि आशाताईंकडे दंडघेराची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मधोमध ती गुंडाळतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की पट्टीचा लाल भाग दिसतो. लाल म्हणजे तीव्र कुपोषण, अंगणवाडीच्या भाषेत ‘सॅम’. साडेअकरा ते साडेबारा हा पिवळा पट्टा, म्हणजे मध्यम कुपोषण.

मोजताना दोन चुका नेहमी होतात. झबल्याच्या बाहीवरून पट्टी लावली जाते, किंवा ती इतकी ओढली जाते की कातडीला वळी पडते. हात सैल सोडलेला असावा आणि पट्टी कातडीला नुसती टेकलेली असावी. इथे दोन-चार मिलिमीटरनेही मूल एका रंगातून दुसऱ्या रंगात जातं.

दुसरी खूण सुजेची. दोन्ही पायांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहा. बोट काढल्यावर दोन्हीकडे खळगा राहिला, तर दंडघेर काहीही असो, ते मूल तीव्र कुपोषित धरतात. वाळलेल्या मुलाला सुकटी झाली म्हणतात आणि सुजलेल्या मुलाला सुजवटी. सुजवटीत फसगत जास्त होते. गाल फुगलेले, पाय भरलेले, वजनही बऱ्यापैकी. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, पोरानं बाळसं धरलंय. ते बाळसं नसतं, अंगात साठलेलं पाणी असतं.

तिसरी खूण म्हणजे उंचीच्या मानाने वजन फार कमी असणं. ते मात्र घरी कळणार नाही. काटा, उंचीची फळी आणि तक्ता घेऊन अंगणवाडीत किंवा दवाखान्यातच ते पाहावं लागतं.

आपला तालुका ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळालंय. इथे मूल उपाशी कसं राहील, असं वाटणं साहजिक आहे. पण वर्षाच्या मुलाचं पोट मुठीएवढं असतं. त्याला दिवसातून पाच-सहा वेळा मऊ, तेल-तूप घातलेलं खाणं लागतं. घरातली सगळी माणसं रानात गेली आणि मुलाच्या हातात भाकरीचा कोरडा तुकडा राहिला, तर कणगी भरलेली असूनही मूल वाळतं. त्यात दक्षिणेकडच्या दुष्काळी गावांत पाण्याची ओढाताण, त्यातून येणारे जुलाब आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबं. फडावरच्या कोपीत अंगणवाडी नसते, वजनकाटा नसतो आणि थंडीच्या रात्री उसाच्या पाचटावर अंथरलेली वाकळ पुरी पडत नाही. बाहेरून आपल्या जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येणाऱ्या टोळ्यांतल्या मुलांचीही हीच गत असते.

आत काय बिघडलेलं असतं

हे समजून घेतलं, तर पुढची प्रत्येक सूचना का आहे ते आपोआप कळतं. म्हणून इथे थोडं थांबू.

खाणं पुरत नाही तेव्हा शरीर सगळीच कामं थोडी थोडी मंद करतं. रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी पडतात आणि ज्या असतात त्याही सुस्तावलेल्या असतात. ताप येणं, जखम लाल होणं, सुजणं, ठणकणं ही खरं तर शरीराची लढाई असते. लढणारंच कुणी नसेल तर ताप कुठून येणार? म्हणूनच न्यूमोनिया, लघवीच्या मार्गाचा संसर्ग, आतड्याचा संसर्ग अशा मुलाच्या अंगात गुपचूप वाढतो. आतड्याचं अस्तर पातळ झालेलं असतं, त्यामुळे पोटात राहणारे जंतूही रक्तात शिरू शकतात.

यकृत म्हणजे काळजाजवळचा तो मोठा अवयव. त्यात शरीर अडीअडचणीसाठी साखर साठवून ठेवतं. मंगळवेढ्याच्या माणसाला पेव सांगायला नको. चांगल्या सालात भरायचं आणि वाईट सालात उघडायचं. तीव्र कुपोषित मुलाचं हे पेव तळाला गेलेलं असतं. धडधाकट मूल रात्रभर उपाशी राहिलं तरी साठ्यावर निभावतं; हे मूल पाच-सहा तास काही न खाता राहिलं, तरी रक्तातली साखर धोक्याइतकी उतरू शकते. साखर उतरली की अंग गार पडतं, गुंगी येते, कधी झटके येतात. ही मुलं पहाटेच्या वेळी दगावतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

हृदयाचा स्नायूही वाळतो. तो कसंबसं लागेल तेवढंच रक्त पुढे ढकलत असतो. मूत्रपिंडांना जास्तीचं मीठ बाहेर टाकता येत नाही. पेशींमध्ये सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, वाढलेला असतो आणि पोटॅशियम घटलेलं असतं. सुजलेल्या मुलाच्या अंगात तर क्षार आणि पाणी आधीच जास्त असतं, फक्त ते नको त्या जागी साठलेलं असतं.

आता या शरीरात जंतू पसरले असं धरा. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांच्या भिंतींतून पाणी बाहेर झिरपतं आणि रक्ताचा दाब राखायला हृदयाला जास्त काम करावं लागतं. चांगल्या हृदयाचं मूल काही तास तग धरतं. या मुलाच्या हृदयात तेवढी शिल्लकच नसते. दुसरीकडे, पाणी कमी पडलंय म्हणून भरभर सलाईन चढवलं, तर तेच हृदय त्या भाराने थकतं आणि पाणी फुप्फुसात भरतं. सगळे उपचार या पेचातून वाट काढत करावे लागतात.

घरात काय दिसतं

सगळ्यात आधी बदलतं ते खाणं-पिणं. काल दूध ओढणारं मूल आज ओढत नाही. चमचा तोंडात घातला तर पेज ओठांवरून बाहेर येते. तीव्र कुपोषित मुलाची भूक अचानक मेली, हे एक लक्षणसुद्धा त्याच दिवशी दवाखान्यात नेण्याइतकं मोठं आहे.

मग गुंगी. हाक मारली तर डोळे उघडतात, पण नजर ठरत नाही. नेहमी किरकिरणारं मूल गप्प होतं. आईला हे सगळ्यात आधी जाणवतं आणि बहुतेक वेळा तिचंच ऐकलं जात नाही.

हातपाय गार पडतात. तळवे आणि पावलं आधी, मग गारवा वर चढतो. काखेत थर्मामीटर लावला आणि ३५ अंश सेल्सिअसच्या खाली, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९५च्या खाली आला, तर तो धोका आहे. पाऱ्याच्या जुन्या थर्मामीटरवर खुणाच ९४-९५पासून सुरू होतात. त्यामुळे ‘पारा चढतच नाही, म्हणजे ताप नाही’ असा उलटा अर्थ लावला जातो. पारा हललाच नाही, तर मूल गार पडलंय असंच समजा.

नखाची खूण आपणही पाहू शकतो. बाळाच्या अंगठ्याचं नख तीन सेकंद दाबा, ते पांढरं पडेल. सोडल्यावर गुलाबी रंग परत यायला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर रक्त टोकापर्यंत नीट पोचत नाहीये. याच्याच जोडीला नाडी भरभर आणि बारीक लागते, इतकी की बोटाखालून निसटते. गुंगी, गार हात, नखाचा उशीर आणि बारीक धावती नाडी ही लक्षणं एकत्र दिसली, की डॉक्टर शॉक धरून उपचार सुरू करतात.

श्वास मोजायलाही शिकून घ्या. बाळ शांत असताना पोटाची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त, वर्षापुढच्या मुलाचा ४० किंवा जास्त असेल, तर तो जलद श्वास. छातीखालचा भाग श्वास घेताना आत ओढला जात असेल, तर मोजत बसायचीही गरज नाही, लगेच निघायचं. लघवी झालेली नाही, अंगावर जाळीसारखे निळसर डाग आलेत, झटका आला, हेही तसंच.

एवढं सगळं साध्या माणसाला जमेल का, अशी शंका कुणालाही येईल. आपल्याच राज्यात ती दूर झालेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांमधला जंतुदोष ओळखायला शिकवलं. रडणं क्षीण झालं, दूध ओढणं कमी झालं, हातपाय लुळे पडले, अंग गार लागतंय, अशा खुणा त्या पाहायच्या आणि ठरवून दिलेलं औषध व इंजेक्शन घरातच द्यायच्या. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. त्या गावांतले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले होते. ती बाळं महिन्याच्या आतली होती आणि आपण बोलतोय ती मुलं मोठी आहेत, त्यामुळे तोच उपचार इथे घरी करायचा नाही. पण ओळखण्याचं काम गावातली बाई चोख करू शकते, एवढं त्यातून सिद्ध झालं. ओळखण्याच्या खुणाही जवळपास त्याच आहेत.

गाडी येईपर्यंत

पहिलं काम १०८ला फोन. गाडी निघाली की हाताशी जो वेळ असतो त्यात दोन गोष्टी करायच्या, साखर द्यायची आणि ऊब द्यायची.

मूल गिळू शकत असेल तर चहाचा एक भरलेला चमचा साखर, साधारण ५० मिलिलिटर म्हणजे लहान अर्धी वाटी स्वच्छ पाण्यात विरघळवा आणि चमच्याचमच्याने पाजा. अंगावर पीत असेल तर पाजत राहा. मूल गुंगीत असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जाईल. अशा वेळी दोन थेंब पाण्यात ओलसर केलेली चमचाभर साखर जिभेखाली ठेवावी. ती तिथे हळूहळू विरघळून शोषली जाते.

ऊब द्यायची ती आईच्या अंगाची. बाळाचे कपडे ओले असतील तर काढा, त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून गोधडी आणि डोक्याला टोपरं. डोकं झाकायला लोक विसरतात आणि लहान मुलाच्या अंगातली बरीच ऊब डोक्यातूनच जाते. गरम पाण्याची बाटली, तापवलेली वीट, शेक यांनी नाजूक कातडी भाजते, ते नको. आजारी मुलाला न्हाऊमाखू घालून ‘स्वच्छ करून’ दवाखान्यात नेणं, हे तर अजिबात नको. डिसेंबरातल्या सकाळी अशी एक आंघोळ मुलाला शॉकच्या उंबरठ्यावरून आत ढकलू शकते.

जुलाब चालू असतील तर ओआरएस, म्हणजे जुलाबावरचं मीठ-साखरेचं पाणी, चालू ठेवा. मात्र घोटघोट आणि सावकाश. या मुलांना नेहमीच्या ओआरएसमधलं मीठ जरा जास्त आणि पोटॅशियम कमी पडतं. रुग्णालयात त्यात पोटॅशियम मिसळून, किती द्यायचं ते वजनावर ठरवतात. पण रस्त्यात काहीच न देण्यापेक्षा नेहमीचं ओआरएस बरं.

कुणी उतारा करायचं सुचवेल, कुणी देवऋष्याकडे न्यायचं. आजीचा जीव तुटत असतो, तिच्याशी भांडत बसू नका. उतारा करायचाच असेल तर घरातल्या कुणीतरी तो मागे राहून करावा. मूल तोवर गाडीत बसलेलं असावं. जास्त घात होतो तो ‘सकाळी बघू’ या दोन शब्दांनी. आणि गावातल्या एखाद्या न शिकलेल्या डॉक्टरकडे इंजेक्शन आणि सलाईनची बाटली घेऊन, ‘आता बघू गुण येतो का’ म्हणून दिवस घालवण्याने.

सोबत अंगणवाडीचं कार्ड, लसीकरणाचं कार्ड आणि आधीच्या औषधांची पाकिटं घ्या. शेवटची लघवी कधी झाली, जुलाब किती झाले, शेवटचं खाणं कधी खाल्लं, हे आईच्या तोंडी तयार असू द्या. डॉक्टर हेच आधी विचारतात.

मंगळवेढ्यात ग्रामीण रुग्णालय आहे. पंढरपूरचं उपजिल्हा रुग्णालय साधारण पंचवीस किलोमीटरवर आणि सोलापूरचं सिव्हिल, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. शॉकमधल्या मुलाला शेवटी बहुधा मोठ्या ठिकाणीच जावं लागतं, म्हणून थेट तिकडेच गाडी काढावी असं वाटतं. पण तसं करू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात आधी तीन गोष्टी व्हायला हव्यात: साखर तपासून ग्लुकोज, प्रतिजैविकाचा, म्हणजे जंतुनाशक अँटिबायोटिकचा पहिला डोस, आणि ऑक्सिजन. तासाभराचा पुढचा प्रवास मग त्या जोरावर होतो.

पुढे पाठवण्याच्या चिठ्ठीवर काय दिलं, किती दिलं आणि किती वाजता दिलं, हे लिहून मागा. ही मागणी आगाऊपणाची नाही. चिठ्ठीवर आकडा नसेल तर प्रत्येक ठिकाणी सलाईन पहिल्यापासून सुरू होतं आणि तीन ठिकाणचं मिळून त्या छोट्या हृदयाला झेपणार नाही एवढं होऊन बसतं.

रुग्णालयातला पहिला तास

समोर दीड वर्षाचं, सहा किलो वजनाचं मूल आहे असं धरून चालू. पहिली गोष्ट, त्याचं खरंखुरं वजन. वयावरून अंदाज बांधला तर दहा किलो धरलं जाईल आणि सगळे डोस जवळजवळ दीडपट-पावणेदोनपट होतील. अत्यवस्थ मुलाला आईसकट काट्यावर उभं करून आईचं वजन वजा करायला अर्धा मिनिट लागतो.

लगेच ऑक्सिजन. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर. ती ५४ मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मूल बेशुद्ध असल्याने तपासायची वाट पाहणं परवडणार नसेल, तर शिरेतून दहा टक्क्यांचं ग्लुकोज, किलोमागे ५ मिलिलिटर. आपल्या मुलाला ३० मिलिलिटर.

मग प्रतिजैविकं. तीव्र कुपोषण असेल तर संसर्गाची खूण दिसो न दिसो, संसर्ग आहे असं धरूनच ती देतात. एरवी अँपिसिलिन आणि जेंटामायसिन ही जोडी, आणि शॉक असेल तर सेफ्ट्रियाक्सोनसारखं जास्त व्यापक औषध, असा साधारण क्रम असतो. शॉक ओळखल्यापासून तासाच्या आत पहिला डोस शिरेत जायला हवा, असं मुलांच्या सेप्सिसबद्दलच्या २०२०च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात सांगितलं आहे. रक्ताचा नमुना आधी घेतात, पण त्यासाठी औषध अडवून ठेवत नाहीत.

आता सलाईन. नातेवाईक आणि डॉक्टर यांच्यात सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ‘सलाईन लावा, म्हणजे ताकद येईल’ ही समजूत आपल्याकडे घट्ट बसली आहे. तीव्र कुपोषित मुलाला शॉक असेल तरच शिरेतून सलाईन देतात. शॉक नसेल तर पाणी तोंडाने किंवा नाकातून पोटात सोडलेल्या नळीनेच. आणि शॉकमध्येसुद्धा मोजून: किलोमागे १५ मिलिलिटर, एका तासात. सहा किलोला ९० मिलिलिटर. अर्ध्या लिटरच्या बाटलीतला हा पाचवा हिस्साही नाही.

ते मोजायला मायक्रोड्रिप सेट वापरतात. त्यात एका मिलिलिटरचे ६० बारीक थेंब पडतात, म्हणजे ताशी ९० मिलिलिटरसाठी मिनिटाला ९० थेंब. साध्या सेटने, चाक अंदाजाने फिरवून सोडलं, तर रात्रपाळीची परिचारिका दुसऱ्या खाटेकडे वळून परत येईपर्यंत अर्धी बाटली आत गेलेली असू शकते. बाटलीतून आधी तेवढंच पाणी मापाच्या नळकांड्यात काढून घेणं हा त्यावरचा साधा उपाय आहे. चाकाला मात्र नातेवाइकांनी हात लावायचा नाही, मूल कितीही मलूल दिसत असलं तरी.

त्या तासात दर दहा मिनिटांनी, जमलं तर त्याहून लवकर, नाडी आणि श्वास मोजून कागदावर लिहितात. सुरुवातीला हे मूल पाण्याअभावी कोसळलंय की संसर्गामुळे, हे खात्रीने सांगता येत नाही. जुलाब झालेल्या मुलात पुष्कळदा दोन्ही असतं. म्हणून हा एक तास उपचारही असतो आणि तपासणीही. नाडी आणि श्वास सावकाश झाले, नखाचा रंग लवकर परतू लागला, तर पाण्याची गरज होती. मग आणखी ९० मिलिलिटर दुसऱ्या तासात, आणि पुढे तोंडाने किंवा नळीने.

श्वास मिनिटाला पाचाने आणि नाडी पंधराने वाढली, यकृत फुगलं, छातीत चुरचुर ऐकू आली, तर सलाईन तिथल्या तिथे थांबवतात. नातेवाइकांना वाटतं, मूल खालावतंय आणि हे बाटली काढतायत. त्या क्षणी बाटली काढणं हाच उपचार असतो.

पहिल्या तासानंतर काहीच सुधारणा नसेल तर सेप्टिक शॉक धरून पुढे जातात. सलाईन कमी करून तासाला किलोमागे ४ मिलिलिटर, म्हणजे सहा किलोला २४. रक्त उपलब्ध असेल तर किलोमागे १० मिलिलिटर, तीन तासांत सावकाश. जिथे अतिदक्षता विभाग आहे तिथे हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना बळ देणारं औषध पंपाने थेंबथेंब देतात. मोठ्या ठिकाणी लवकर पोचायचं ते यासाठी. रक्तदाता मागितला तर घाबरू नका. मुलाला लागतं ते फार थोडं असतं, आपल्या उदाहरणात ६० मिलिलिटर.

पाणी जपून द्यायचं, ही नुसती भीती नाही. युगांडा, केनिया आणि टांझानिया या देशांतल्या रुग्णालयांत तीन हजारांहून जास्त मुलांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली आले. ताप आणि रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांपैकी ज्यांना भरभर पाणी चढवलं, त्यांच्यात ४८ तासांत साडेदहा टक्क्यांच्या आसपास मुलं गेली. ज्यांना तसं चढवलं नाही, त्यांच्यात ७.३ टक्के. आणि तीव्र कुपोषित मुलं तर त्या चाचणीत घेतलेलीच नव्हती. अतिदक्षतेची सोय तोकडी असते तिथे पाणी जपून देणं फार महत्त्वाचं ठरतं, आणि आपल्या तालुक्यांची स्थिती त्या रुग्णालयांपेक्षा फार वेगळी नाही.

पुढचे दिवस

मूल डोळे उघडतं, आईकडे बघतं, नखं गुलाबी दिसतात. इथून घरच्यांची घाई सुरू होते आणि नव्या चुकाही.

पहिली चूक भरपूर खायला घालण्याची. इतके दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम जेवण पडलं, तर क्षारांचा तोल पुन्हा बिघडतो आणि हृदय दुसऱ्यांदा दगा देऊ शकतं. म्हणून सुरुवातीला दूध, साखर, तेल आणि पाणी मोजून केलेला पातळ आहार देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असतात आणि प्रथिनं मुद्दाम कमी ठेवलेली असतात. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. आपल्या मुलाला एका वेळी ६५ मिलिलिटरच्या आसपास. आईला ते घोटभर वाटतं आणि मग कुणीतरी बाहेरून अंडं, प्रोटीन पावडर, बिस्किटं आणून देतं. काही दिवस ते थांबवा. भूक परतली, सूज उतरू लागली की १०० मिलिलिटरला १०० कॅलरींचा आहार सुरू होतो आणि मग मूल झपाट्याने वजन घेतं.

रात्री दोनचा आणि पहाटे चारचा घास चुकवू नका. परिचारिका उठवते तेव्हा राग येतो, झोपलेल्या लेकराला कशाला उठवायचं असं वाटतं. पेव अजून भरलेलं नाही, म्हणून उठवायचं.

सूज उतरवायला लघवीचं औषध मागू नका. ही सूज खाण्याने आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम मिळाल्याने उतरते. लघवीच्या औषधाने उरलेलं पोटॅशियमही जातं. लोहाचं टॉनिकही पहिल्या आठवड्यात देत नाहीत, रक्त कमी असलं तरी. संसर्ग पेटलेला असताना मोकळं लोह जंतूंच्या कामी येतं. भूक परतून वजन वाढू लागलं की मग लोह.

जीवावरचा धोका टळला की पुढचे उपचार कुपोषित मुलांसाठीच्या पोषण पुनर्वसन केंद्रात होतात. तिथला मुक्काम साधारण चौदा दिवसांचा असतो आणि त्या काळातली आईची बुडीत मजुरी मिळण्याची तरतूद आहे. दाखल होतानाच ती विचारून घ्या, त्यासाठी बँक पासबुक लागतं. सहाव्या-सातव्या दिवशी मूल हसायला लागलं की बरेच जण घरी जायचं म्हणतात. घरी दुसरं लेकरू असतं, दावणीला जनावरं असतात, मुकादमाचे फोन येतात. या अडचणी खऱ्या आहेत. पण या टप्प्यावर प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स संपलेला नसतो आणि यकृतातला साठा, हृदयाचा स्नायू, आतड्याचं अस्तर यांपैकी काहीच भरून आलेलं नसतं. वडिलांनी, सासूने किंवा नणंदेने घराची पाळी घेतली, तर आईला तिथे थांबता येतं. आई एकटीच सगळं ओढत असेल तर ती थांबू शकत नाही, आणि तिला दोष देण्यात अर्थ नाही.

घरी आल्यावर दर पंधरा दिवसांनी तपासणीला न्यायचं. गोवराची लस राहिली असेल तर ती घ्यायची, कारण गोवरानंतर मूल पुन्हा कोसळतं. भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, वर चमचाभर तेल किंवा शेंगदाण्याचं कूट घालून, दिवसातून पाच-सहा वेळा. भांडं-वाटी घासलेली, हात साबणाने धुतलेले.

ऊसतोडीला जाणारं घर असेल तर निघण्याआधी अंगणवाडीताईंना कारखान्याचं आणि गावाचं नाव सांगा. त्यांच्या मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करता येते, आणि तिकडच्या अंगणवाडीतून आहार व वजनाची सोय मागता येते. रुग्णालयाचं सुट्टीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईजवळच ठेवा आणि त्याचा फोटो वडिलांच्या फोनवर काढून ठेवा. फडावर रात्री मूल पुन्हा गार पडलं, तर तिथल्या डॉक्टरला त्या कार्डावरून पहिल्या मिनिटात कळेल की सलाईन जपून द्यायचं आहे.